न धुतलेली लोकर

बंधाऱ्यात टेंभू योजनेचं पाणी आलं होतं. रविराजनं चपला काठावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिली मेंढी मानेला धरून पाण्यात ओढली. तिनं चारही पाय रोवले, मग एकदम अंगावर आली आणि त्याला छातीपर्यंत भिजवून गेली. तो मोठ्यानं हसला.

फौजेतून आल्यापासून तो सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. तिथं हसण्यासारखं फारसं काही घडत नसे. त्याचा थोरला भाऊ दादासो मात्र आटपाडीजवळच्या माळावर, वस्तीवरच राहिला होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन तो कराड-पाटणच्या अंगाला जायचा, तो चैत्रात परतायचा. परतल्यावर मेंढरं धुवायची आणि अंग वाळलं की लोकर कातरायची, ही घरची रीत. रविराजला रजा मिळेपर्यंत दरवर्षी सगळं उरकलेलं असे. यंदा तो बायकोला घेऊन कातरणीच्या एक दिवस आधीच आला होता. दादासो कातरणाऱ्यांना आणायला जतकडं गेला होता. तो यायच्या आत मेंढरं धुऊन ठेवायची, भावाला काम शिल्लकच ठेवायचं नाही, असं रविराजनं ठरवलं होतं.

शेवटची मेंढी धुऊन होत आली तेव्हा बांधावरून पुतणी पळत आली. प्रांजल आटपाडीला कागदी पाकिटं आणायला गेली होती. तो गठ्ठा तिच्या छातीशी होता.

"तात्या! थांबा! नका धुऊ!"

"अगं झालीच की," रविराज म्हणाला. "तुझा आबा बघ आता कसा खूश हुतो."

ती काठावर येऊन थांबली. पाण्यावर काड्या, कुसळं, बारीक बारीक बिया तरंगत होत्या आणि सावकाश सांडव्याकडं निघाल्या होत्या. प्रांजलनं पाकिटं खाली टाकली, आहे त्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि ओढणीनं तो गाळ ओढायला लागली. ओढणीत चिखल आला, काही काड्या आल्या. ती पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिचा हुंदका रविराजला ऐकू आला.

आपल्या हातून काहीतरी मोठं बिघडलं, एवढं त्याला कळलं. काय, ते कळेना.

*

अंगणात प्रांजलची आई राहीबाई चुलीपुढं होती आणि धाकटी जाऊ प्रियदर्शनी भाकरीचं पीठ मळत होती. चुलता-पुतणी दोघं भिजलेली आली. प्रांजलचा चेहरा बघताच प्रियदर्शनीनं हात परातीतच थांबवले.

"धुतली?" तिनं विचारलं.

प्रांजलनं मान हलवली. रविराजनं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा पुतणीकडं.

"काय धुतली? काय चाललंय काय? मला कुणी सांगंल का?"

मग प्रांजलनं सांगितलं. गेल्या पावसाळ्यात, कातरणीच्या जागेवर, जिथं लोकरीची घाण झटकून टाकतात तिथं, एक वेल उगवला होता. असला वेल ह्या माळावर कुणी बघितला नव्हता. तिच्या आबानं, दादासोनं, मात्र लगेच ओळखला. म्हणाला, ह्यो तर पाटणच्या डोंगरातला. मग हा इथं आला कसा? अकरावीत शिकवणाऱ्या सरांना तिनं विचारलं. सर म्हणाले, मला माहीत नाही, पण ज्यांना माहीत असेल त्यांना विचार. विद्यापीठात माणसं हेच करत बसलेली असतात.

तेव्हापासून ती मोबाईलवर विद्यापीठांची पानं उघडून बसायची. कुठल्या विभागात कोण आहे, कोण कशावर काम करतंय, ते वाचायची. पहिल्यांदा तिनं लांबलचक ईमेल लिहिले. मला संशोधनाची फार आवड आहे, मला संधी द्यावी. कुणीही उत्तर दिलं नाही. मग तिनं ते सगळं काढून टाकलं. वेलाचा फोटो लावला आणि चार ओळी लिहिल्या: आमची मेंढरं अमुक वाटेनं जातात, हा वेल आमच्याकडं नाही, तो लोकरीतून आला असेल का, आणि हे कसं तपासायचं? साताऱ्याहून संयोगिता मॅडमचं उत्तर आलं. त्या वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. त्यांनीही प्रश्नच विचारले होते. किती मेंढ्या? कोणत्या वाटेनं? कातरणी कधी? आणि शेवटी लिहिलं होतं: कृपा करून कातरणीआधी लोकर धुऊ नका.

"मे महिन्यात या म्हणाल्यात," प्रांजल म्हणाली. "सुट्टीभर. बिया घेऊन. त्या ओळखायच्या कशा, मोजायच्या कशा, रुजवून बघायच्या कशा, ते शिकवणार हायत. पर आता काय घेऊन जाऊ?"

रविराज ओल्या कपड्यांतच बाजल्यावर बसला.

"मे महिन्यात तुझा क्लास हाय," तो म्हणाला. "डॉक्टरकीच्या परीक्षेचा. सांगलीत. मी नाव घातलंय तुझं."

"म्हणूनच सांगता येईना, तात्या."

"आन तुला म्हाईत हुतं?" तो बायकोकडं वळला.

प्रियदर्शनीनं पिठाचा हात परातीच्या काठाला पुसला. "तिनं मला फोन केला होता. माझं माहेर साताऱ्यात आहे. राहायची सोय होईल का विचारत होती. आज जेवणं झाल्यावर तुम्हाला सांगायचं ठरलं होतं. दादाच सांगणार होते."

"म्हंजे सगळ्यांस्नी ठावं. मी सोडून."

तेवढ्यात वस्तीच्या वाटेवर वडापची जीप थांबली. दादासो दोन कातरणाऱ्यांना घेऊन उतरला. लांबूनच त्याला दिसलं, माळावर मेंढरं अंग झाडत उभी आहेत आणि त्यांच्या अंगाचं पाणी उन्हात चमकतंय. काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही.

*

दादासो आयुष्यभर रानात राहिलेला माणूस. लांडगा आला, गारपीट झाली, मेंढरं रोगानं बसली, तरी त्याची घाई होत नसे. पण भाऊ आणि लेक यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याची जीभ जड व्हायची. हे घर रविराजनं उभं केलं होतं. बोअर त्यानं पाडली होती. प्रांजलला आटपाडीच्या कॉलेजात घालायचा हट्टही त्याचाच. अशा माणसाला नाही म्हणायला तोंड कुठलं आणायचं?

"चूक माझी हाय, रवी," तो म्हणाला. "मी फोनवर तरी सांगाय पायजे हुतं."

"का न्हाई सांगितलंस?"

"तू यवडं करतोयस. त्यात तुजं मन मोडायचं..."

"मी करतोय म्हणून तुमी मला काय सांगायचंच न्हाई व्हय, दादा?" रविराजचा आवाज चढला. कातरणारे लिंबाखाली चहाची वाट बघत होते, त्यांनी माना दुसरीकडं फिरवल्या. "कुणाला काय लागलं की रवीला फोन. बोअर बंद पडली, रवी. दवाखाना, रवी. आन पोरगीच्या डोक्यात काय चाललंय ते गावभर ठावं, साताऱ्याच्या बाईला ठावं, फकस्त रवीला न्हाई! आरं, मी काय नुस्ता मनिऑर्डर हाय काय?"

प्रांजल पुढं आली. "तात्या, तसं न्हाई..."

"तू गप. अनोळखी माणसांना तू लिवू शकतीस. मला न्हाई."

हे खरं होतं. ती तशीच ओल्या ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

राहीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "सकाळी जाताना तुमी मला इचारलं हुतं. वैनी, मेंढरं धुऊन आणू का, म्हणाला."

"व्हय. तुमी आणा म्हणाला."

"मला ठावं हुतं. धुवायची न्हाईत ते. पोरीनं धा वेळा सांगितलं हुतं."

दादासोनं बायकोकडं बघितलं. प्रांजलनंही बघितलं, पण तिला ते शब्द जरा उशिरा पोचले.

"आई?"

राहीबाई लेकीकडं न बघता बोलत राहिली. "तुजा आबा दिवाळीला जातो, चैत्राला येतो. म्होरं सात महिने हितं असला तरी मेंढरांत. माज्याबरं बोलाय कोण? तूच. तू मोबाईलवर काय काय वाचून दाखवतीस, मला कळत न्हाई, पर मी ऐकतीय. भाऊजींनी इचारलं तवा मला वाटलं, धुतली तर धुतली. बिया गेल्या तर पोरगी ऱ्हाईल. सुट्टीभर तरी ऱ्हाईल." ती थांबली. "तू पाण्यात उतरलीस ते मी हितनं बघितलं. तवा कळलं मी काय केलं."

प्रियदर्शनी उठली आणि जावेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पिठाचा पंजा लुगड्यावर उमटला.

प्रांजलला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या मागोमाग तिला दिवाळीनंतरच्या संध्याकाळी आठवल्या. ती कॉलेजातून येईपर्यंत आई वस्तीच्या वाटेवर उभी असायची, आणि ती दिसली की काहीतरी काम असल्यासारखी आत वळायची.

"आई, मग आता?" एवढंच तिनं विचारलं.

राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि एकाएकी तिचा हात थांबला. "मल्हार कुठाय? मल्हार अजून आला न्हाई की!"

मल्हार तिचा भाऊ. दादासोबरोबर तोही मेंढरांमागं होता. लंगडणाऱ्या आणि नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या पायी आणायच्या नाहीत म्हणून तो त्या टेंपोत घालून मागून येणार होता. त्या मेंढ्याही त्याच वाटेनं फिरलेल्या, त्याच डोंगरात चरलेल्या.

"म्हसवडला सिद्धनाथाला थांबणार हुता," दादासो म्हणाला. "आन दिघंचीजवळ कालवा वाहतोय. तिथंच धुऊन आणतो म्हणाला हुता मला. त्याला नगं म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं."

राहीबाईनं स्वतः फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. फोनमधली बाई सांगत राहिली की आपण संपर्क साधत असलेली व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे.

रविराज बाजल्यावरून उठला. गाडीला किल्ली लावली आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "बस मागं."

*

मोटारसायकलवर प्रांजल मागं बसली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डाळिंबाच्या बागा लागत होत्या आणि मधूनच नुसता उघडा माळ. वाऱ्यानं रविराजचा शर्ट वाळत आला.

"किती जणांना लिवलंस?" त्यानं शेवटी विचारलं.

"लय. पुण्याला, कोल्हापूरला, बेंगळुरूला बी."

"आन उत्तर?"

"एकाच मॅडमचं."

रविराजनं एका बैलगाडीला वाट दिली. "भरतीला मी बी असाच पळलो. कोल्हापूर, बेळगाव, नाशिक. कुठं छाती कमी, कुठं दम कमी. पर निदान तोंडावर सांगायचे, जाव, घर जाव."

"हितं तोंडच दिसत न्हाई, तात्या. नुस्तं गप."

"मग पुन्हा कशी लिवायचीस?"

"तुमीच म्हणायचा न्हाई का, पुढच्या भरतीला अजून पळायचं म्हणून."

रविराजनं आरसा जरा वळवला. आरशात त्याला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी न्हाई म्हणलो असतो. क्लास बुडवायचा न्हाई, असंच म्हणलो असतो. ते तुजं बरोबर हाय."

"आन मी ऐकलं असतं. म्हणून सांगितलं न्हाई. चुकलंच माझं, तात्या. तुमास्नी न्हाई म्हणायची भीती न्हाई वाटत. वाईट वाटतं. तुमच्यामुळंच तर मला विचारायची सवय लागली. रजेवर आलात की किती काय सांगायचा, बर्फात झाड कसं उगवतं, याकाचं दूध कसं लागतं."

"ते मी निम्मं ठोकून सांगायचो."

ती हसली. पाण्यातून बाहेर आल्यापासून पहिल्यांदा.

दिघंचीच्या अलीकडं कालव्याच्या पुलाजवळ टेंपो उभा होता. फळी पाडलेली, मेंढ्या खाली उतरलेल्या. मल्हार धोतर खोचून एका मेंढीला पाण्याकडं रेटत होता. तीन-चार मेंढ्या भिजून काठावर उभ्या होत्या.

"मामा! सोड तिला!" प्रांजल गाडी थांबायच्या आत उतरली.

मल्हारनं दचकून मेंढी सोडली. ती तीन पायांवर उड्या मारत टेंपोकडं पळाली. सगळं ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"आत्ता लागलोय बघा कामाला. देवळात गर्दी हुती, नारळ फोडाय येळ गेला. न्हाई तर कवाच न्हाऊन झाली असती समदी."

रविराजनं म्हसवडच्या दिशेला तोंड करून दोन्ही हात जोडले. मोठ्यानं काही म्हणाला नाही. मग मल्हारनं आणि त्यानं कोरड्या मेंढ्या एकेक उचलून पुन्हा टेंपोत चढवल्या. एका व्यायलेल्या मेंढीच्या पोटाखाली कुसळांचा आणि काट्यांचा एवढा गुंता होता की रविराजच्या हातात काटा मोडला. प्रांजलनं तो हलक्या हातानं काढला, उजेडात धरून बघितला आणि पाकिटात ठेवला.

"आता माझ्या हातातला बी नेणार काय साताऱ्याला?" तो म्हणाला.

*

दुपार कलताना कातरणी सुरू झाली. धुतलेली मेंढरं उद्या वाळल्यावर, कोरडी आज. कातरणारे कुरकुरले. न धुतलेल्या लोकरीनं कातरीची धार जाते, मातीनं हात सोलतात. रविराज दगड घेऊन त्यांच्यापाशी बसला आणि कातर बोथट झाली की स्वतः धार लावून द्यायला लागला. दादासो प्रत्येक मेंढी सोडताना प्रांजलला सांगत होता, ही उंब्रजच्या उसाच्या रानात बसली होती, ही कोयनेच्या अंगाला दोनदा चुकली होती. ती पाकिटावर लिहीत होती. राहीबाई आणि प्रियदर्शनी लोकर सुपात घेऊन तांदूळ निवडल्यासारख्या बिया निवडत होत्या.

"ह्यो बघ आघाडा," राहीबाई म्हणाली. "आपल्या बांधावर बी हाय." जरा वेळानं तिनं एक आकडेदार, करड्या रंगाची बारीक बी तळहातावर घेतली. "ही मातर न्हाई बघितली कवा."

प्रांजल धावत आली. आईच्या हातावरून तिनं ती बी उचलली आणि वेगळ्या पाकिटात घातली.

संयोगिता मॅडमचा फोन आला तेव्हा अंगणात उजेड होता. प्रांजलनं झालेलं सगळं सांगितलं, धुतलेल्या मेंढरांसकट. मग रविराजनं हात पुढं केला आणि फोन मागून घेतला. तो उभा राहून बोलला, पाठ ताठ.

"मॅडम, नमस्कार. मी तिचा चुलता. ती राहील माझ्या सासुरवाडीत. येण्याजाण्याची जबाबदारी आमची. मला एकच विचारायचं. ह्यानं तिच्या डॉक्टरकीच्या परीक्षेला काय फायदा?"

फोन स्पीकरवर होता.

"खरं सांगू का? मार्कांमध्ये काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "मी तसं आश्वासन देणार नाही. अकरावीच्या मुलांची मला रोज पत्रं येतात, बहुतेकांना प्रमाणपत्र हवं असतं. हिनं प्रश्न पाठवला. त्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. म्हणून बोलावलं."

रविराजनं हे शब्द मनाशी फिरवून बघितले. मॅडमना उत्तर माहीत नाही, आणि ते शोधायला ह्या पोरीला बोलावलंय. बँकेच्या दारात उभं राहून त्यानं पुष्कळ शिकलेली माणसं बघितली होती. मला माहीत नाही असं म्हणणारं त्यातलं कुणी त्याला आठवेना.

"ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला. "क्लासवाल्यांशी मी बोलतो. जूनपासून बसंल ती. डॉक्टर व्हायचं का न व्हायचं, ते... ते बघू." शेवटचं वाक्य त्याला जड गेलं, हे सगळ्यांना कळलं.

फोन परत जायच्या आत राहीबाई पुढं सरकली. तिनं पदर सावरला, जणू मॅडम समोरच होत्या.

"बाई, मी तिची आई. ती परत येईल का?"

प्रियदर्शनीनं मान खाली घातली. दादासो मेंढी धरून तसाच उभा राहिला. प्रश्न नुसता सुट्टीपुरता नाही, हे मॅडमना समजलं असावं.

"पुढचं मी कशी सांगू, ताई? पण हे काम करायचं तर तिला यावंच लागेल. एका वर्षाच्या बियांनी काही सिद्ध होत नाही. दर कातरणीला तिला तिथं, तुमच्यापाशीच बसावं लागेल. इथं माझ्याकडं ती फक्त बघायला शिकेल. बघायचं सगळं तुमच्या माळावर आहे."

राहीबाईनं मान हलवली, फोनवर दिसत नाही हे विसरून. "मग पाठवते," ती म्हणाली. "लय उपकार झाले, बाई."

"उपकार माझ्यावर झालेत," मॅडम म्हणाल्या. "तुमची मेंढरं इतकी चालली नसती तर माझ्याकडं काय आलं असतं?"

दादासोला हे फार आवडलं. त्यानं ते रात्री जेवताना मल्हारला दोनदा सांगितलं.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात प्रियदर्शनी सांगलीहून मुद्दाम आली. साताऱ्याच्या एसटीत ती प्रांजलबरोबर बसणार होती. रविराजला रजा मिळाली नव्हती. तो सकाळपासून फोन करत होता: पाण्याची बाटली घेतली का, आधार कार्ड घेतलं का, पाकिटं दमट जागी ठेवू नका. चौथ्या फोनला प्रियदर्शनीनं उचलून सांगितलं, "अहो, आता बंदूक सांभाळा."

दादासो पिशवी घेऊन वाटेवर पुढं गेला होता. प्रांजल उंबऱ्यावर बसली होती आणि राहीबाई तिच्या केसांना तेल लावून वेणी घालत होती. एरवी प्रांजल स्वतःची वेणी स्वतः घालायची. आज तिनं आपणहून पाठ केली होती.

"आई, तुला रोज फोन करीन."

"वाचून दाखव. नुस्तं कशी हाईस, जेवलीस का, असं नगं. ते काय तिथं बघशील ते सांग."

"तुला कळंल?"

"न्हाई कळलं तर इचारीन की."

प्रांजलनं मागं हात नेऊन आईचं मनगट धरलं. आभार मानायचे शब्द तिच्या तोंडाशी आले होते, पण आईला असं काही म्हणायची घरात पद्धत नव्हती. ती मनगट धरूनच बसली. राहीबाईनंही हात सोडवून घेतला नाही.

मग वेणीचा शेवटचा पेड घालताना ती थांबली. केसांत काहीतरी टोचलं होतं. नखानं तिनं ते अलगद सोडवलं आणि तळहातावर घेतलं. एक कुसळ होतं, टोकाला बारीक बी.

"एसटी येईल गं, आक्का," प्रियदर्शनी बाहेरून म्हणाली.

"आले," राहीबाई म्हणाली. तिनं तळहात लेकीच्या पुढं धरला.

"ह्ये कुठल्या पाकिटात घालू?"